मेल-सर्व्हरच्या दारावरची फायरवॉल

मी एक जुनी फायरवॉल आहे. जळगावातील एका केळी-व्यापाऱ्याच्या पेढीत, साऱ्या पत्रव्यवहाराची वाट असलेल्या मेल-सर्व्हरच्या दारावर मी पहारा केला. मित्रांनो, यंत्राला राग येत नाही, असे तुम्हाला शिकवले असेल. शिकवणाऱ्याने समाधानला पाहिलेले नसावे.

समाधान पेढीचा संगणक-तज्ज्ञ. निदान त्याच्या दारावरची पाटी तसे म्हणे. चोरटे सर्व्हरचे दार सारखे ठोठावू लागले, तेव्हा त्याने कुठूनसा एक नियम उतरवून माझ्यात घातला: एकाच पत्त्यावरून मिनिटात चारपेक्षा अधिक थापा पडल्या, तर त्या पत्त्याला मिनिटभर दार बंद, बंदीत पुन्हा थाप पडली, तर मिनिट नव्याने सुरू. मी तो निष्ठेने पाळला. चोरटे हटले. पेढीचे मालक श्रेयांसशेठ यांनी समाधानची पाठ थोपटली. माझे नावही कोणी घेतले नाही.

पुढे फैजपूरला शाखा निघाली. तिथले सगळे संगणक इंटरनेटवर येत ते एकाच पत्त्यावरून. एका दुपारी जेवणानंतर साऱ्यांनी एकदम मेल उघडले, आणि मी दार लावले. नेमके तेव्हाच तिथल्या दिपमालाला केळीच्या कंटेनरचे कागद बंदरावर धाडायचे होते. पाचच्या आत गेले नाहीत तर उद्यापासून येऊ नकोस, असे शेठनी तिला फोनवर बजावले. मग मदत म्हणून सारी शाखा आपापल्या संगणकावरून बटणे दाबू लागली. धन्य ती मदत. प्रत्येक थापेसरशी बंदी नव्याने सुरू होई.

समाधानने मला बंद करून चालू केले. माझी मोजदाद पुसली गेली, दार क्षणभर उघडले. पण मदतनीसच आधी आत घुसले आणि दार पुन्हा लागले. यावरून त्या विद्वानाने निदान केले की मी उन्हाने तापले आहे, आणि माझ्यासमोर पंखा लावला.

“समाधानभाऊ, तो नियम एकदा वाचून तरी पाहा,” दिपमाला फोनवर म्हणाली.

“ताई, नियम मीच घातलाय. पाठ आहे मला.”

“पाठ असेल भाऊ, पण इथे माझी नोकरी जाऊन राहिली.”

तेव्हा कुठे त्याने तो वाचला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

“तुमचा सोडून बाकी सगळे संगणक बंद करायला सांगा,” तो हळूच म्हणाला. “आणि तुम्हीही मिनिटभर हात लावू नका.”

मिनिटानंतर तिने एकदाच बटण दाबले. कागद गेले, नोकरी राहिली.

शेठना मात्र त्याने यंत्रच म्हातारे झाल्याचे सांगितले. माझी रवानगी माळ्यावर झाली. दिपमाला जळगावला आली, तेव्हा हाच खुलासा त्याने तिलाही ऐकवला.

“म्हातारं होतं खरं, भाऊ,” ती म्हणाली, “पण तुमचंच ऐकत होतं ना.”

मित्रांनो, पुसण्या-झाडण्याने यंत्राची निगा होते, असे समजू नका. आपण त्याला काय सांगून ठेवले आहे, ते अधूनमधून वाचणे हीच त्याची निगा. तेवढेही होत नसेल, तर त्याला दोष देताना निदान आवाज खाली ठेवा.