सव्वीस तासांचा मुक्काम

आगारातल्या दोनशे चौदा चालकांच्या पाळ्या बिनचूक लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातल्या चौघांचे दोन दिवस जुळवता येऊ नयेत, हा आगारातला आवडता विनोद होता. ‘घड्याळमास्तर’ हे नाव त्याला चालकांनीच ठेवलेलं. “मास्तर, आमच्या ड्यूट्या तुम्ही लावता, तुमची कोण लावतं?” असं कुणी विचारलं, की तो तक्त्यावरून मान वर न करता म्हणे, “आमची घरून लागून येते. तिथं बदली मागायची सोय नाही.”

घरचा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असे. थोरली चौदा वर्षांची. तिचं पोहणं पहाटे आणि संध्याकाळी, मध्ये शाळा, रात्री गणिताचा क्लास. नऊ वर्षांच्या धाकट्याचं बुद्धिबळ आणि फुटबॉल. आई एका प्रयोगशाळेत कृत्रिम दात घडवण्याचं काम करी. तिला शनिवारी अर्ध्याच दिवसाची सुट्टी मिळे. तीन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला तंबू आतापर्यंत दोनदाच उघडला होता. तिसरी सहल चार वेळा ठरली आणि चार वेळा मोडली. कधी स्पर्धा, कधी परीक्षा, कधी थोरलीचा दुखरा खांदा.

या खेपेला मात्र सहल मोडून चालणार नव्हतं. बसनं अकरा तासांवर असलेल्या एका निवासी जलतरण केंद्रात थोरलीची निवड झाली होती. चार वर्षं तिथंच राहायचं, घरी यायचं वर्षातून दोनदा. आईवडिलांच्या सह्यांचं संमतीपत्र सोमवारी द्यायचं होतं. आईनं पत्र आलं त्याच दिवशी सही केली. त्याची जागा कोरी होती.

“विचार कसला करताय एवढा?” ती म्हणाली. “अशी संधी पायांनी चालत येते का कुणाकडे?”

त्याला एवढंच हवं होतं, की पोरीला एकदा नीट विचारावं. घरी विचारता आलं असतं. पण घरी ती नेहमी कशातून तरी बाहेर पडत असे नाहीतर कशात तरी शिरत असे. केस ओले, तोंडात घास, आणि कशालाही एकच उत्तर, “हो बाबा.” तिला पुढचं काही गाठायचं नाही अशा एखाद्या वेळी विचारलं, तरच खरं कळेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

मग त्यानं प्रशिक्षकांच्या विनवण्या करून शनिवार संध्याकाळचा आणि रविवार सकाळचा सराव सोडवून घेतला, बुद्धिबळ बुधवारी ढकललं, स्वतःच्या एका शनिवारच्या बदल्यात सहकाऱ्याला दोन शनिवार दिले. एवढ्या कसरतीनंतर हाती आले सव्वीस तास. शनिवारी दुपारी दोनला निघायचं आणि रविवारी चारला थोरलीला थेट सरावाच्या तलावावर सोडायचं.

दोन तासांवरच्या सरोवराकाठी त्यांनी तंबू ठोकला. शेवटची दोरी ताणून होते न होते तोच थोरली म्हणाली, “बाबा, पाचच मिनिटं पाठ टेकते.”

सहा वाजले तरी ती उठली नाही. धाकटा तंबूत डोकावून आला. “ताई कुंभकर्णाची बहीण झालीय!”

“मग तू कोण रे?” आई म्हणाली. धाकट्यानं जरा विचार केला आणि तो गप्प बसला. “अहो, उठवा तिला. इथं काय झोपायला आणलंय?”

तो आत गेला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. केसांना तलावाच्या औषधाचा वास होता. डोळ्यांभोवती पोहण्याच्या चष्म्याचे वळ सकाळपासून तसेच होते. आगाराचा नियम होता, दोन पाळ्यांमध्ये चालकाला नऊ तास मिळायलाच हवेत. तो मोडायला त्यानं एकदा खुद्द व्यवस्थापकालाही नकार दिला होता. सवयीनं त्याच्या मनात आकडे जुळू लागले. अकराला अंथरूण, साडेचारला गजर. साडेपाच तास, आठवड्यातले सहा दिवस, तीन वर्षं. अशा माणसाच्या हाती त्यानं सायकलसुद्धा दिली नसती. आणि फ्रिजवरचा तो तक्ता दर महिन्याला पट्टी घेऊन, रंगीत पेनांनी, त्यानं स्वतःच आखला होता.

त्यानं हात काढून घेतला.

“उठली?” बाहेर येताच आईनं विचारलं.

“मीच नाही उठवलं.”

“एवढा आटापिटा केलात तो हिला झोपलेली बघायला?” ती तणतणत आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती स्वतःची शाल तिच्या अंगावर घालून.

थोरली मध्ये एकदा उठून पाणी प्यायली, तेही डोळे मिटूनच. दुसऱ्या दिवशी ती तंबूबाहेर आली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

“किती वाजले?”

“पावणेअकरा.”

तिचा चेहरा उतरला. “म्हणजे संपली सहल? उठवलं का नाही मला?” बोलता बोलता तिला रडूच आलं. तो तिला पाण्याच्या कडेला घेऊन गेला. दोघं पाय पाण्यात सोडून बसले.

“जायचंय तुला तिकडे? खरं सांग. आईचं मी बघतो.”

विचारल्यावर ती थांबली, असं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

“जायचंय.”

“पोहण्यासाठी?”

“तिथली एक मुलगी सांगत होती. खोलीतून खाली उतरलं की समोर तलाव. शाळा तिथंच. क्लास नाही, गाडीची धावपळ नाही. नऊला दिवेच बंद करतात म्हणे.” ती पाण्याकडे बघत होती. “बाबा, तिथं रोज झोपता येतं.”

“झोप काय, घरीही देऊ की. क्लास बंद करू. संध्याकाळचा सराव—”

“दोन महिने कराल तुम्ही,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जुना चालक नव्याला वाटेतला खड्डा सांगतो तसं तिनं सांगितलं. “मग पुन्हा काहीतरी येईल. तुम्हीच म्हणाल, एवढंच कर.” त्याचा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली, “पण मी सुट्टीत येईन ना.”

धाकट्यानं हाक मारली तशी ती उठून त्याच्याकडे गेली.

त्यानं गाडीतून संमतीपत्र काढलं आणि गाडीच्या टपावर ठेवून सही केली. आई जवळ येऊन उभी राहिली.

“काय म्हणाली?”

“जायचंय म्हणाली.”

“का, ते विचारलंत?”

त्यानं क्षणभर बायकोकडे पाहिलं. “पोहायला आवडतं तिला.”

“मला माहीतच होतं,” आई म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून पाठमोरी झाली.

दोन वाजले. ही निघायची वेळ होती. त्यानं ती कुणाला सांगितली नाही. सव्वादोनला आईनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तीही गप्प राहिली. धाकटा चपट्या दगडांनी पाण्यावर टप्पे काढत होता. थोरली काठावर बसून ते मोजत होती.

अडीच वाजता ती दचकून उठली. “बाबा, उशीर झाला! सर थांबतील.”

आणि कुणी काही म्हणायच्या आत, गुडघे टेकून, तिनं तंबूच्या खुंट्या भराभरा उपटायला सुरुवात केली.