डी ला हात लावायचा न्हाई

विंडोज टाकायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. मग साऊंडचा ड्रायव्हर शोधा, प्रिंटरचा शोधा, आणि मधीच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. औंदा तर इन्व्हर्टर पण मेलेला. बॅटरीत टाकायचं पाणी अख्ख्या अहमदपुरात मिळंना. माणसाला प्यायला न्हाई, बॅटरीला कोण देतो?

म्हणून पंचाक्षरी विंडोज सोडून फुकटच्या लिनक्सच्या नादी लागला. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकलेलं पोरगं, एसटी स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं खोकं. येईल त्याला म्हणायचा, "चहा सांगा. चहा येईस्तोवर मशीन तयार." दोन-चार कोऱ्या मशीनवर करून दाखवलं बी. नुसतं पुढं-पुढं दाबत जायचं. इतकं सोपं काहीच नव्हतं.

माणिकप्पांचं भांड्याचं दुकान शेजारच्या गल्लीत. दुष्काळात घागरी सोडून काही खपत नव्हतं, पण घागरी लई खपत होत्या. त्यांनी बिलाचं मशीन उचलून आणलं.

"पंच्या, हे रडून राहिलंय. व्हायरस का काय ते. पण यात तुझ्या काकूचा फोटो हाय बरं का. तेवढं सांभाळ."

महानंदाकाकू मागच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या, त्या उठल्याच नाहीत. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घेणारी बाई. भाच्यानं त्याच रांगेत, आठवडाभर आधी, चोरून एक फोटो काढला होता. हसतानाचा. मोबाईलमधून ह्या मशीनमध्ये टाकला आणि मोबाईल पुढं विकून टाकला. सोमवारी काकूंचं वर्ष होतं. पूजेला जंगमस्वामी येणार, पाव्हणे येणार, फ्रेम करायची होती.

"काळजी नको अप्पा. मशीनचे दोन भाग असतेत, सी आन् डी. सी म्हणजे समजा लातूर. डी म्हणजे उदगीर. आपण लातूर पाडून नवं बांधायचं. उदगीरला हात लावायचा न्हाई. फोटो उदगीरात हाय."

"उदगीर येगळा जिल्हा होणार म्हणतेत. मग आपण कुणात?"

"पाणी ज्याच्याकडं, त्याच्यात!"

अप्पा लई दिवसांनी हसले. चहा सांगितला.

विंडोजमध्ये असं असतं की सी दिसतो, डी दिसतो, कुठला पाडायचा ते आपणच दाखवायचं. त्याला वेळ लागतो, पण धंद्यातल्या प्रत्येक पोराच्या हाताला ते वळण पडलेलं असतं. सी मारायचा, डी सोडायचा. इथं लिनक्समध्ये सी-डी काहीच नव्हतं. स्क्रीनवर एक इंग्रजी पाटी आली. निवडायला दोन-तीन गोल, वरचा आधीच भरलेला. बाहेर लाईट लुकलुकायला लागली होती. पंचाक्षरीनं पुढं दाबलं. पुन्हा काहीतरी विचारलं. पुन्हा दाबलं.

चहा आला. मशीन तयार होतं.

"वा रे गड्या," अप्पा म्हणले. "आता दाखव तिला."

त्यानं उघडलं. डी नव्हता. लातूर पाडायला गेला आन् अख्खा मराठवाडा सपाट करून बसला. त्यानं स्क्रीन आपल्याकडं वळवली. म्हणला, "अप्पा, ते... जरा शोधावं लागतंय. उद्या देतो."

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो नांदेडला गेला. हार्डडिस्क रुमालात गुंडाळून मांडीवर. तिथं देविदास नावाचा ओळखीचा गडी पुसलेलं काढून देतो.

"वरून नवं लिहिलंस न्हवं," देविदास म्हणला. "जे सापडंल ते सापडंल."

संध्याकाळपर्यंत ढीगभर सापडलं. घागरींची बिलं, शेजाऱ्याच्या लग्नाची गाणी. आणि शेवटी एक फोटो. वरची पट्टीच तेवढी आली होती. टँकरचा टप, उन्हाचं पांढरं आभाळ, हिरवा पदर, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, भुवया. डोळ्यांपासून खाली सगळं करडं.

"हसू खालीच राहिलं की रे," पंचाक्षरी म्हणला. देविदासनं तेवढं कागदावर छापून दिलं, पैसे घेतले न्हाईत.

येताना गाडीत त्यानं ठरवलं, व्हायरसनं खाल्लं म्हणायचं. अप्पांना काय कळतंय? अप्पांच्या दुकानात शिरेपर्यंत तेच ठरलेलं होतं. अप्पा घागरी रचत होते. त्यांनी फोटोचा कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला, उलटा करून बघितला.

"म्या पुसलं, अप्पा. व्हायरस न्हाई. म्या."

अप्पांनी खाली बसून घेतलं. घागरीवर बोट फिरवत राहिले.

"मशीननं विचारलं न्हाई का तुला? एवढं मोठं काम, न विचारता करतंय?"

"विचारलं."

"मग?"

"म्या वाचलं न्हाई. दाबत गेलो."

गिऱ्हाईक आलं, भाव विचारून गेलं. अप्पांनी मान वर केली न्हाई.

"त्या दिवशी तिनं बी विचारलं होतं," मग ते म्हणले. "टँकर आलाय, तुम्ही जाता का मी जाऊ? ऊन लई हाय म्हणली. मी घागरी मोजून देत होतो. वर न बघता म्हणलो, हाव, जा."

अप्पांनी कागद मांडीवर सरळ केला. अंगठ्यानं करडं झाकलं, काढलं, पुन्हा झाकलं.

"कपाळ आलंय. विभूती दिसून राहिली."

"हाव."

"फ्रेमला हार लांब आण. इथपर्यंत यायला पाहिजे, हे करडं झाकलं पाहिजे."

"फुलं कुठायत अप्पा औंदा?"

"प्लास्टिकचा आण. पण भरगच्च आण. पाव्हण्यांनी हार सारून बघू नये."