उल्कावीराचा पडदा

मित्रांनो, पडदा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर खिडकीवरचा फुलाफुलांचा कपडा येईल. मी तसला नाही. मी सिनेमाचा पडदा आहे, जुना, मांजरपाटाचा, चारी कडांना काळी पट्टी लावलेला. शिरूर कासारच्या त्रिंबकनानांच्या पत्र्याच्या खोलीत, सतरंज्या आणि कर्ण्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. अंगावर ठिगळं आहेत आणि एका कोपऱ्यात उंदरांनी पोटभर जेवण उरकलेलं आहे. तरी मला कुणी टाकाऊ म्हटलं की राग येतो.

माझा जन्म भिवराबाईंच्या शिलाई मशीनवर झाला. नानांचा मंडप आणि स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. त्यांनी कुठूनसं सीडीवरचा सिनेमा मोठा करून दाखवणारं मशीन आणलं आणि बायकोला बजावलं, "पडदा शिव, पन सुरकुती न्हाई पडली पायजे." भिवराबाईंनी मला असं ताठ शिवलं, की वाऱ्यातसुद्धा मी नवरदेवासारखा उभा राहत असे.

आमच्याकडची कितीतरी घरं दिवाळी सरली की ऊसतोडीला जातात. लहान पोरं आजी-आजोबांकडे मागे राहतात. टोळीची गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळी पोरांनी रडून गाव डोक्यावर घेऊ नये म्हणून नाना मला मारुतीच्या देवळापुढे दोन बांबूंना बांधायचे. सिनेमा दरसाल एकच, उल्कावीर. नानांकडे सुपरहिरोचा तेवढाच एक होता आणि पोरांनाही दुसरा नको होता.

उल्कावीर म्हणजे साधा पोरगा. अंगावर उल्का पडते आणि तो उडू लागतो. शेवटी पृथ्वीवर येणारा जळता तारा तो खांद्यावर घेतो आणि आभाळात निघून जातो. धाकट्या बहिणीला मात्र सांगून जातो, "मी येतो." पुढच्या चित्रात तो खांद्याला पिशवी अडकवून दारात उभा असतो, बहीण धावत येते, तो तिला उचलून गरगर फिरवतो. तिथे नाना मशीन बंद करायचे. पोरं टाळ्या पिटायची, आणि मला वाटायचं, त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत!

त्या पोरांत बजरंग आणि त्याची बहीण मंगल अगदी पुढे बसायची. त्यांचे आई-बाप टोळीत. मंगल रात्री आईसाठी मुसमुसायची, तेव्हा बजरंग तिला समजवायचा, "उल्कावीर आला का न्हाई घरी? मग आपली आईबी येती." आणि आई यायची. त्यामुळे बजरंगाचा उल्कावीरावर देवापेक्षा जास्त भरोसा बसला.

मग हातोहाती मोबाइल आले. भिवराबाई वारल्या, नानांचे गुडघे गेले. मला घडी घालून खोलीत ठेवलं ते ठेवलंच. किती दिवाळ्या आल्या आणि गेल्या, मला उजेड दिसला नाही. आपला कुणाला उपयोग नाही, हे दुःख फार वाईट असतं, मित्रांनो.

आणि अचानक यंदा उल्कावीराचा दुसरा भाग निघाला. बजरंग आता पिकअप चालवतो, पण बातमी ऐकून तो शाळकरी पोरासारखा नानांकडे धावत आला. मंगल आणि तिचा नवरा आता स्वतः ऊसतोडीला जातात आणि त्यांची सायली मामाकडे राहते. "ह्या सालाला निघायच्या आदल्या दिवशी पडदा लावून पयला भाग दावायचाच, नाना," तो म्हणाला. सायलीला त्याने शब्दही देऊन टाकला.

पण त्याच्या जिवाला काही चैन नव्हतं. मोबाइलवर झलक आली तशी त्याची झोप उडाली. "पोशाख काळा केलाय, नाना. निळ्याचा कावून काळा केला? त्यो हसत बी न्हाई. ह्यांनी वाटोळं केलं न्हाई म्हंजे मिळवलं." नाना नुसते हुं हुं करत. उल्कावीराची इतकी काळजी त्याच्या सख्ख्या आईने केली नसेल.

सिनेमा लागला त्या दिवशी बजरंग बीडला जाऊन पाहून आला. दुसऱ्या दिवशी मला ऊन द्यायला अंगणात दोरीवर टाकलं होतं. समोर बाजेवर नाना बसले होते, मंगल शेंगा निवडत होती, सायली माझ्या सावलीत खेळत होती. बजरंग आला तो कुणी गेल्यासारखा चेहरा करून.

"बेकार! पार बेकार!" तो म्हणाला. "पयल्या सीनलाच बहीण म्हनती, माझा भाऊ गेला त्यो परत आलाच न्हाई. आवो, आलता की! आपन सगळ्यांनी बघितलंय. ह्या लोकांनी पयला भाग बघितलाच न्हाई का काय?"

 नाना हळूच म्हणाले, "त्यांचं बराबर हाय, बजरंग. त्यो न्हाई आला."

मग त्यांनी सांगितलं. सिनेमाच्या दोन सीडी होत्या. दुसरी संपायची ती आभाळाकडे बघणाऱ्या बहिणीवर. पहिल्या वर्षी, बजरंग-मंगल सिनेमाला यायला लागायच्या आधी, ते पाहून पोरांनी जो हंबरडा फोडला, तो भिवराबाईंना ऐकवेना. त्या म्हणाल्या, त्याला घरी आना, कसंबी करून. तेव्हापासून नाना दुसरी सीडी संपली की पटकन पहिली लावायचे. तो पिशवी घेऊन घरी येतो ते चित्र सिनेमाच्या सुरुवातीचं होतं, शेवटचं नव्हतंच. सुरुवातीला नाना तेवढं ओलांडून पुढचं दाखवायचे.

 बालपणाचा पाया कुणी काढून घ्यावा तसं बजरंगाला झालं. मंगलकडे बघून म्हणाला, "आन् मी तुला दरसाल तेच सांगत आलो. खोटंच की सगळं."

मंगल शेंगा निवडतच म्हणाली, "मला ठाव होतं, दादा. सुरवातीला जो शर्ट, त्योच शेवटाला. तवाच वळखलं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तू लई जीव तोडून सांगायचास. मला त्या उल्कावीराचं काय करायचंय? तू जवळ बसायचास, म्हनून मी झोपायचे."

बजरंगाने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले. पण सायली सगळं ऐकत होती. तिलाही मामा तेच सांगून झोपवायचा. ती माझ्याआडून बाहेर आली आणि म्हणाली, "मग आईबी येनार न्हाई?"

 मंगलने तिला हाताला धरून जवळ ओढलं. "मी काय आभाळात चाललेय? गुढीपाडव्याची पोळी तुझ्यासंगंच खाईन."

सायलीने हात सोडवून घेतला. यंदा निघायच्या आदल्या दिवशी सिनेमा लागला नाही. टोळी गेली आणि मी पुन्हा पत्र्याच्या खोलीत.

सायली दुपारची त्या खोलीत येऊन सतरंज्यांवर बसायची.  पाडवा आला. शेजारच्या टोळ्या परतल्या. मंगलची मात्र अडकली होती, कारखान्याचा ऊस सरेना. पाडव्याची पोळी सायलीने खाल्ली नाही. बजरंग रोज पिकअप घेऊन फाट्यावर जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. तिला समजवायला आता त्याच्याजवळ उल्कावीरही नव्हता. तो नुसता तिच्याजवळ बसून राहायचा.

आणि एका दुपारी मंगल आली. उन्हाने काळी पडलेली, हाताला चिरा पडलेली. सायली दारातून हललीच नाही. "पाडवा झाला," एवढंच म्हणाली. मंगलने बोचकं खाली टाकलं. "झाला. उशीर झाला माझा. पन आले ना गं माय." तेव्हा कुठे पोर धावली आणि आईला अशी बिलगली की दोघीही पडता पडता वाचल्या.

त्या संध्याकाळी बजरंगाने मला देवळापुढे बांधलं. टोळी परत आल्याच्या दिवशी मी कधीच लागलो नव्हतो. मी ताठ उभा राहिलो. सिनेमा सुरू झाला, उल्कावीर उडाला, मारामारी झाली. पण सायलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आईच्या मांडीवर, माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि आईचं तोंड बघत होती. इतकी वर्षं लोकांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं, त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी पाहिलं नाही, आणि मी सुखावलो.

म्हणून मित्रांनो, मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, ओला असताना घडी घालू नका, उंदरांपासून जपा. मला अजून लागायचं आहे. पण तुमच्या घरचं माणूस लांबून परत येईल त्या दिवशी खुशाल माझ्याकडे पाठ करून बसा.