उशिराची नोंद

डेलियाचा कॉम्प्युटर सुरू व्हायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात नगरपालिकेसमोरच्या टपरीवर कॉफी पिऊन होई आणि टपरीवालीची सुनेबद्दलची सगळी गाऱ्हाणीही ऐकून होत. इकडे जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपुढे माणसं बाकावर ताटकळत. बोटीवर नोकरी लागलेली पोरं दाखल्यासाठी येत. बोट मनिलाहून सुटायला टेकलेली, आणि दाखला पडद्यावरच्या गोल चकरीत अडकलेला.

दोष आतल्या डिस्कचा होता. एकशेवीस जीबीची एसएसडी, काठोकाठ भरलेली, पडद्यावरची तिची पट्टी कायम लाल. पण तक्रारपेटीत डिस्कचं नाव टाकता येत नाही, म्हणून लोक डेलियाचं टाकत. या महिन्यात तीन चिठ्ठ्या.

"तीन, डेलिया." विभागप्रमुख पामातियान सरांनी त्या पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या. "तीस जूनला तुझा करार संपतो. नव्या यादीवर सही मी करतो, माहीत आहे ना?"

"अकरा वर्षं माहीत आहे, सर."

अकरा वर्षं, सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत. बाई तीच, खुर्ची तीच, काम कायमच्या नोकरांच्या दुप्पट. पण सरकारी कागदात ती माणूस नव्हे, पुरवठा. शाई संपली की नवी मागवतात, तशी डेलिया. ही पद्धत ज्यानं काढली त्याला सहा महिन्यांच्या करारावर बाप व्हायला सांगायला हवं होतं.

ती भांडारात गेली. भांडार कोरिंगच्या ताब्यात. थोरलीला म्हणतात तसं तिला सगळं गाव मानांग म्हणे, आणि झाडूपासून जनरेटरपर्यंत सगळं तिच्या वहीत असे.

"मोठी डिस्क हवी?" मानांग कोरिंगनं वही उलटली. "अगं, तुला चार वर्षांपूर्वीच दिलीय. एक टीबी. 'मिळाली, बसवली.' खाली तुझ्या साहेबाची सही, शेपटीसकट."

"मानांग, पडद्यावर तर एकशेवीससुद्धा पुरते दिसत नाहीत."

"पडद्याचं काय सांगतेस. आतला भाग काढून आण, मला दाखव. जुनं हातात पडल्याशिवाय मी नवा झाडूसुद्धा देत नाही."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डेलियानं पेटी उघडली. सांध्यावर मालमत्तेचा स्टिकर होता, तो नखानं फाडला. आत सहा वर्षांची धूळ, पालीचं एक अंडं, आणि साबणाच्या चपट्या वडीएवढी डिस्क. दोन वायरी काढल्या की हातात. लेबल वाचलं: एकशेवीस. मग तिची नजर फाटक्या स्टिकरवरच्या तारखेवर गेली. मशीन आली त्या दिवसाची तारीख. म्हणजे आजवर पेटी कोणी उघडलीच नव्हती, आणि त्याचा एकुलता एक पुरावा तिच्या नखाखाली होता.

मानांग कोरिंगनं चष्मा लावला, डिस्क पाहिली, वही पाहिली.

"स्टिकर फाडलास?"

"फाडल्याशिवाय उघडत नाही."

"मग नीट ऐक. कागदावर एक टीबी, पेटीत एकशेवीस. तपासनीस आला की 'आधी कोणी चोरलं' असं विचारत नाही. 'शेवटी कोणी उघडलं' असं विचारतो."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मी झाडू मोजणारी बाई." तिनं फॉर्म पुढे सरकवला. "जुना भाग कोणता निघाला ते लिही. तीन प्रती. विभागप्रमुखाची सही लागेल."

डेलियानं खरं तेच लिहिलं, बॉलपेननं, दाबून. मग ड्रॉवरमधून आणखी एक कोरा कागद काढला. तसला कागद तिच्या हाताखालून हजारदा गेला होता. बेटांवरचे कोळी सात-सात वर्षांची पोरं घेऊन नोंदणीला येत, आणि पामातियान सर अख्ख्या बाकासमोर त्यांची सालटी काढत: "सात वर्षं झोपला होतात? उशिराचं कारण लिहा. स्वतःच्या हातानं. खाली बापाची सही."

तिनं डिस्क आणि फॉर्म सरांच्या टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"पेटीतून निघालं, सर. तुम्ही बसवलेली एक टीबी शोधत होते."

सरांनी आधी बाहेर पाहिलं. "ते दार लाव."

"बाकावर सतरा माणसं आहेत, सर. दार लावलं की कान देतील."

सर आवाज उतरवून म्हणाले, "घरी असेल. पोराच्या मशीनला तात्पुरती लावली होती."

"चार वर्षं झाली."

"तू फॉर्म भरू नकोस. उद्या बघू."

"भरलाय, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर पावाची कागदी पिशवी होती. आत एक टीबीची डिस्क, वर पावाचा चुरा. नंबर वहीतल्याशी तंतोतंत जुळला. जुनी डिस्क तिनं परत बसवलीच होती; ही बाहेरून केबलनं जोडली. आत पोराचे बंदूकबाजीचे खेळ, आणि सरांची कराओकेवरची एकेचाळीस गाणी. एक तिनं उघडलं. प्रेमगीत होतं, सूर फार वरचा धरला होता, आणि वर पोचता पोचता सरांचा गळा बसला. बाकावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

सर आतून धावत आले. "पुसून टाक. सगळं. ऐकू नकोस."

"पुसते, सर. आधी नोंद." तिनं कागद पुढे केला.

"हा जन्माचा कागद आहे."

"हिचा जन्म चार वर्षांपूर्वीचा, नोंद आज होतेय. आपल्याकडे उशिराला हाच कागद. कारण लिहा, सर. स्वतःच्या हातानं."

बाकावरची कुजबुज थांबली. पुढे एक म्हातारा कोळी नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. गेल्याच आठवड्यात त्यानं सरांची बोलणी खाल्ली होती. तो म्हणाला, "लिहा सर, फार अवघड नाही. मलाही लिहावं लागलं. पेन देऊ?"

सरांनी पेन घेतलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लिहिलं: 'निष्काळजीपणाने घरी राहिली.' खाली सही, यावेळी शेपटीशिवाय. मग फॉर्मच्या तीन प्रती. त्यांच्याखाली करारांची नवी यादी होती, तीही डेलियानंच ठेवलेली. सरांनी यादी वाचली, तिच्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि यादीवरही सही केली.

दुपारपर्यंत जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरलं आणि एकेचाळीस गाणी कायमची गप्प झाली. डेलियानं नवी डिस्क आत बसवली, स्क्रू आवळले, बटण दाबलं आणि सवयीनं कॉफीला उठली. दारापर्यंत पोचायच्या आत मागून कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. ती वळली. पडदा तयार होता, पट्टी निळी.

"या, आजोबा," ती म्हणाली.

संध्याकाळी जुनी डिस्क मानांग कोरिंगकडे जमा झाली. तिनं फॉर्मवरची तारीख वाचली, वहीतली चार वर्षांपूर्वीची वाचली, दोन्हींखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि वही मिटली. "तपासनीस सप्टेंबरात येतो," एवढंच म्हणाली.

तिसरी प्रत आणि उशिराच्या कागदाची नक्कल डेलियानं स्वतःच्या पिशवीत घातली. डिसेंबरात यादी पुन्हा निघणार होती.