कामाचा शनिवार

मी हंगेरीतल्या रेल्वेगाड्यांचं वेळापत्रक. आठशे पानांचं, पिवळ्या कव्हराचं. हल्ली फोनवर बोट फिरवलं की गाडी सापडते, त्यामुळे माझ्यासारखी जाडजूड पुस्तकं कुणी फारशी घेत नाही. माझं आयुष्य डिसेंबर ते डिसेंबर, एका वर्षाचं. त्यात सांगण्यासारखं जे झालं ते एकाच शनिवारी झालं.

मला वेन्देल कोचोर यांनी घेतलं. वय एकाहत्तर. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, सोल्नोक शहराच्या पलीकडे फाट्यावरच्या एका लहान गावात तिसऱ्या मजल्यावर राहणारे. दरवर्षी ते एक नवं वेळापत्रक आणत. कुठे जायचं असो वा नसो, ते वाचत. गावात कुणाला लांबचा प्रवास करायचा झाला तर लोक स्टेशनवर जायच्या आधी त्यांच्याकडे येत. "वेन्देलकाका, पेच शहराला जायचंय, सोबत दोन पोरं आहेत," एवढं सांगितलं की काका गाड्या, बदलायची स्टेशनं, मधला वेळ, सगळं कागदावर उतरवून देत. त्यांचा बेत कधी चुकला नाही, असं मागच्या वर्षीचं पुस्तक मला फळीवर सांगायचं.

मी घरात आलो त्याआधी तीन आठवडे त्यांची बायको मातिल्द वारली होती. त्यामुळे मी तिला पाहिलं नाही. तिच्यानंतरचं घर तेवढं पाहिलं. टीव्ही चालू, आवाज बंद. एकाच पातेल्यातलं सूप चार दिवस. काका रडत नव्हते. नुसते बसत. रडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायचं, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो!

आता एक गोष्ट सांगायला हवी. या देशात सण गुरुवारी आला की सरकार मधला शुक्रवारही सुट्टीचा करतं, आणि पुढेमागे एखाद्या शनिवारी सगळ्यांना कामाला बोलावून तो दिवस वसूल करतं. त्या शनिवारी शाळा, कचेऱ्या, कारखाने चालू असतात. गाड्याही शनिवारच्या वेळा सोडून कामाच्या दिवसाच्या वेळेवर धावतात. माझ्या पानांवर कामाच्या दिवसाच्या गाड्यांपुढे एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे छापलेत, ते त्यासाठीच.

दर जानेवारीत मातिल्द भिंतीवरचं कॅलेंडर काढून असे शनिवार वाचून दाखवायची आणि काका ते पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लाल पेन्सिलीने लिहायचे. मागच्या वर्षीच्या पुस्तकात ते सगळे आहेत. माझं पहिलं पान कोरंच राहिलं. या जानेवारीत कॅलेंडरच आणलं नाही कुणी.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे शोप्रोनहून एमोके, काकांची भाची. शोप्रोन म्हणजे देशाचं पार दुसरं टोक.

"मामा, आईचं काही खरं नाही. रात्रीपासून जास्तच झालंय. सारखं तुमचं नाव घेतेय."

"निघतोच."

"आता निघून रात्री पोचाल, दवाखान्यात आत सोडणार नाहीत. उद्या अकरा ते एक भेटायची वेळ आहे. त्या वेळात या."

पिरोश्का काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आठ वर्षांच्या वेन्देलला तिनेच वाढवलं. त्याच्या शाळेच्या फीसाठी स्वतःचं शिक्षण सोडलं. हे काकांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण मातिल्दच्या जाण्यानंतर दर रविवारी तिचा फोन आला की तेवढ्यापुरता त्यांचा आवाज घरात ऐकू यायचा. आता जगात त्यांना 'वेन्दी' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

त्यांनी मला उघडलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. शनिवारचा रकाना काढला. गावातून पाच चाळीसची गाडी, सोल्नोकला बदल, बुडापेस्टहून नऊ दहाची शोप्रोनची जलद, अकरा चाळीसला पोच. बेत सुरेख होता. मग मला काखेत मारून ते स्टेशनवर गेले.

पासष्टच्या वरच्यांना इथे भाडं पडत नाही, पण शहरांमधल्या जलद गाडीत जागा आरक्षित करावी लागते, तेवढी चिठ्ठी घ्यावी लागते. तिकीट खिडकीवर गिझी होती.

"सोल्नोक ते बुडापेस्ट एक, बुडापेस्ट ते शोप्रोन एक. खिडकीजवळ. तोंड गाडीच्या दिशेला."

"काका, तुम्ही या इकडे, बसा खुर्चीवर. मी घरी जाऊन धुणं लावते," गिझी हसून म्हणाली. चिठ्ठ्या छापून दिल्या. "आणि उद्या इथून सकाळची गाडी कितीला आहे, सांगू का?"

काका थांबले. "मला सांगणार? तू?"

मागे उभे असलेले दोघे हसले. गिझीही हसली आणि गप्प बसली. इथल्या साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटला. मी काखेतच होतो. बदललेल्या शनिवारांची यादी माझ्या तिसऱ्या पानावर छापलेली आहे, चोवीस मार्च, म्हणजे उद्याचाच दिवस, पहिल्या ओळीत. काकांनी ते पान कधीच उघडलं नाही. त्यांना ते मातिल्दकडून ऐकायची सवय.

सकाळी साडेपाचला आम्ही फलाटावर. पिशवीत पिरोश्काला आवडणारा खसखशीचा रोल, काल बेकरीतून आणलेला. फलाट रिकामा. गिझी खिडकीचा पडदा वर करत होती. तिने काकांना पाहिलं आणि तशीच बाहेर आली.

"काका, गाडी गेली. पाच-पाचला."

"पाच चाळीसला आहे. आज शनिवार."

"शनिवारच आहे हो. पण आज कामाचा दिवस धरलाय. सोळा तारखेची सुट्टी भरून काढायला." मग हळू म्हणाली, "काल सांगणारच होते मी."

काका बाकावर बसले. पुढची गाडी सात चाळीसची होती. गिझीने नव्या चिठ्ठ्या आणून दिल्या, त्या त्यांनी माझ्यात ठेवल्या. गिझीने चहा आणला, तो तसाच निवला.

साडेबारा वाजता आमची गाडी ग्योर स्टेशनात उभी होती. शोप्रोन अजून तासाभरावर होतं. काका खिडकीशी बसले होते, तोंड गाडीच्या दिशेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एमोके भिंतीला टेकून उभी होती.

"मामा, आई साडेबाराला गेली."

काकांनी मान हलवली. मग विचारलं, "काही म्हणाली?"

"विचारत होती, वेन्दी आला का. दोनदा विचारलं. मी म्हटलं, येतोय, मामाची गाडी कधी चुकत नाही." मग तिने पिशवी पाहिली आणि तिला रडू आलं. काकांना नाही आलं.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत त्यांनी मला उघडलं. तिसरं पान काढलं आणि बोटाने पहिली ओळ वाचली. "छापलंय की," एवढंच म्हणाले. छापखान्यात चुका होतात. माझ्यातही दोन-तीन आहेत. ही चूक माझी निघाली असती तर मी ती आनंदाने घेतली असती. त्यांनी मला फाडलं असतं, खिडकीबाहेर फेकलं असतं, तरी चाललं असतं. पण मी बरोबर होतो. असं बरोबर असणं काय कामाचं?

आता मी ओट्याशेजारी असतो. काका माझ्यावर गरम पातेलं ठेवतात, कव्हरावर गोल डाग पडलाय. प्रवासाचं विचारायला कुणी आलं तर म्हणतात, "गिझीला विचारा." डिसेंबरात माझी मुदत संपेल. माझ्या जागी दुसरं पुस्तक येईलसं वाटत नाही. माझं मागणं फार नाही. तुमच्या ओळखीत कुणी हुशार, एकटं माणूस असेल, तर त्याला गाडीची वेळ सांगायला लाजू नका. तो हसेल, अपमान करेल. तरी सांगा.

त्या शनिवारनंतर तीन आठवड्यांनी, एका साध्या शनिवारी, पिरोश्काच्या रक्षेचं दफन होतं. काकांनी गिझीला फोन केला. ती सांगेल ते पाकिटाच्या मागे लिहून घेतलं, मग तिच्याकडून परत एकदा वदवून घेतलं. गाडी पाच चाळीसची होती, या वेळी खरोखरच पाच चाळीसची. काका साडेतीनलाच घराबाहेर पडले. मला घेतलं नाही.

स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर आहे. आणि शोप्रोनला आता कुणी विचारत नव्हतं, वेन्दी आला का.