आपण उपस्थित आहात का?

बाईंचं पद होतं व्यावसायिक पुनर्वसन समुपदेशक. एवढं लांबलचक नाव दारावरच्या पाटीत मावेना, म्हणून पेंटरने शेवटचं अक्षर चौकटीवर रंगवलं होतं. काम मात्र एका वाक्यात सांगता येई: कामावर असताना हात, पाय किंवा कंबर गमावून बसलेल्या माणसाला उरलेल्या अंगानिशी कोणतं काम जमेल ते शोधायचं आणि तसा अहवाल कामगार भरपाईच्या मंडळापुढे ठेवायचा.

त्या अहवालावर ऐऱ्यागैऱ्याची सही चालत नाही. आधी पदवी लागते, मग दोन वर्षं कुणा जाणत्याच्या हाताखाली काढावी लागतात, मग परीक्षा. एवढं करून त्याच मंडळाकडून हाती येणाऱ्या प्रमाणपत्रावर औषधाच्या बाटलीसारखी मुदत छापलेली असते. दर तीन वर्षांनी साठ तासांचं प्रशिक्षण दाखवलं की मुदत वाढते. त्यांतले सहा तास नीतिमत्तेचे हवेत.

बाईंचे साठाचे बासष्ट झाले होते. पण गेल्या आठवड्यात मंडळाचं पत्र आलं, की ‘खुर्चीत बसण्याची योग्य पद्धत’ हा त्यांचा दीड तासाचा वर्ग नीतिमत्तेत धरता येत नाही, आरोग्यात धरला आहे. थोडक्यात, बाईंची नीतिमत्ता दीड तासाने कमी भरत होती, आणि ती आज संध्याकाळी पाचच्या आत भरून द्यायची होती.

“माझी बरीच पडून आहे,” सकाळी डबा भरताना नवरा म्हणाला, “हवी तर घेऊन जा.”

बाईंना हसू आलं नाही. उद्या सकाळी दहाला प्रेसवाल्याची सुनावणी होती. सुनावणीच्या दिवशी सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र जिवंत नसेल तर अहवाल रद्दी. मग कारखान्याच्या समुपदेशकाचा अहवाल तेवढा उरणार, आणि त्यात लिहिलं होतं: ‘कोणत्याही कामास अयोग्य.’

प्रेसवाला म्हणजे बावीस वर्षं पत्रा दाबायच्या मशीनवर काढलेला माणूस. मशीनने उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा आणि करंगळी राहिली. बाईंनी त्याच्यासाठी त्याच कारखान्यातली कंट्रोल रूमची जागा शोधली होती. पुढ्यात दिव्यांचा फळा. एरवी बसून राहायचं, दिवा लागला की चाळीस सेकंदांत त्याच्याखालचं बटण दाबायचं. कारखाना म्हणत होता, याला जमणार नाही.

दुपारी तीनला बाईंनी लॅपटॉप उघडला. विषय होता ‘अशिलाकडे संपूर्ण लक्ष’. त्या दिवसाचा हा शेवटचा वर्ग. पडद्यावर एक गुळगुळीत गृहस्थ बोलू लागले आणि कोपऱ्यात सूचना आली: अधूनमधून एक चौकट उघडेल, ‘आपण उपस्थित आहात का?’ तीस सेकंदांत ‘होय’ दाबावे. तीनदा चुकल्यास वर्ग बाद.

“दीड तास हलू नका,” शेजारच्या टेबलावरून प्रलंबितराव म्हणाले. “शिंकसुद्धा बेतानं.”

खरं नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते वापरायची कुणाला सवय उरली नव्हती. चार वर्षांपूर्वी त्यांच्याविरुद्ध एक तक्रार झाली होती, आणि नियम असा, की चौकशी सुरू असेपर्यंत हातातलं प्रमाणपत्र संपत नाही. चौकशी काही संपत नव्हती. त्यामुळे प्रलंबितरावांना वर्ग नाही, तास नाहीत, मुदत नाही. फक्त त्यांच्या सहीपुढे एक चांदणी छापून येई आणि तळाला बारीक अक्षरांत ‘चौकशी सुरू’. वकील तो कागद मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून मंडळाला दाखवत. महत्त्वाची प्रकरणं त्यांच्याकडे येईनाशी झाली होती.

बाईंनी पहिल्या दोन चौकटींना वेळेत ‘होय’ म्हटलं. तिसरी यायच्या आत दारात प्रेसवाला उभा.

“मॅडम, दोन मिनिटं. सांगतो आणि जातो.”

“उद्या भेटणारच आहोत ना?”

“उद्या मी येत नाही.”

बाईंनी समोरची खुर्ची दाखवली. तिच्यावर फायली होत्या, म्हणून तो शेजारच्या स्टुलावर, लॅपटॉपला चिकटूनच बसला. खिशातून चार घड्यांचा कागद काढला. सकाळी सुपरवायझर घरी येऊन देऊन गेला होता: मी स्वखुशीने काम सोडत आहे.

“सही केलीत?”

“नाही अजून. मेहुणा म्हणतो कर आणि मोकळा हो. बायको त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशीही नाही म्हणा.”

“पण का सोडायचंय तुम्हाला?”

तो गप्प बसला. पडद्यावरचे गृहस्थ सांगत होते, अशील गप्प बसला तर घाई करू नये. बाईंनी घाई केली नाही. चौकट उघडली, तीस सेकंद थांबली आणि गेली. एक चूक.

“घरी दार आपटलं तरी मी खाली बसतो, मॅडम,” तो म्हणाला. “मुलगी हसते. तिला वाटतं गंमत करतोय.”

“हे मला आधी नाही बोललात.”

“तुमच्या फॉर्मात दाराचा रकाना नव्हता.”

बाईंना हे लागलं. फॉर्म त्यांनीच तयार केला होता. त्या पुढे झुकल्या, आणि पुढची चौकट कधी आली नि गेली ते त्यांना कळलंच नाही. कळलं ते प्रलंबितरावांच्या खाकरण्याने. दोन चुका. आता डोळे पडद्यावर ठेवावेत तर हा माणूस उठून जाईल, आणि याच्याकडे बघावं तर प्रमाणपत्र जाईल. कोणतंही एक गेलं तरी उद्याची सुनावणी गेलीच.

“दिव्याची भीती वाटते,” प्रेसवाला सांगत होता. “दिवा लागला आणि हात हललाच नाही तर? त्या दिवशीही नाही हलला. मागं घ्यायचा होता, समोर दिसत होतं, तरी जागचा हलला नाही. उद्या तिथं दिवा लागेल, मी नुसता बघत बसेन, आणि खाली दुसऱ्या कुणाचा तरी—”

चौकट उघडली. बाईंचा हात निघाला. त्याच्या आधी प्रेसवाल्याची करंगळी पोचली होती. टक्.

“—हात जाईल. हा माझा हात आता माझं ऐकत नाही, मॅडम.”

बाईंनी आपला हात मागे घेतला. प्रलंबितरावांचा चहाचा कप अर्ध्या वाटेत थांबला. प्रेसवाल्याला पत्ताच नव्हता. तो आपला हात ऐकत नसल्याची उदाहरणं देत होता. शर्टाची गुंडी, बाटलीचं झाकण, मुलीची वेणी. मध्येच चौकट आली. टक्. रडायला आलं म्हणून तो थांबला, तेव्हाही आली. टक्. बाई एकीकडे ऐकत होत्या आणि दुसरीकडे टेबलाखाली बोटांवर मोजत होत्या. वर्ग संपला तेव्हा सात टक् झाले होते. साडेचार वाजले होते.

पडद्यावर शेवटचं पान आलं: ‘मी संपूर्ण वेळ उपस्थित होते व सर्व उत्तरे मी स्वतः दिली.’ होय. नाही.

“दाबा होय,” प्रलंबितराव कुजबुजले. “तीन वर्षं झोप लागेल.”

“आणि ‘नाही’ दाबलं तर?”

“तर चौकशी. मग काय, माझ्या शेजारी लटकायला एक रिकामी खुंटी आहेच.”

प्रेसवाला आत्ता कुठे पडद्याकडे लक्ष देऊन बघत होता. त्याने पान वाचलं, मग स्वतःच्या करंगळीकडे बघितलं. “मॅडम, हे मी दाबत होतो? चुकून झालं हो! मी सांगतो त्यांना!”

“चुकून किती वेळा झालं, माहीत आहे?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

होय म्हटलं तर सही स्वच्छ राहणार होती, पण मग ते सात टक् झालेच नव्हते. या माणसाचा हात चालतो याचा तेवढाच पुरावा जगात होता, आणि तो मंडळाच्याच यंत्रात, मंडळाच्याच घड्याळाने नोंदलेला होता.

त्यांनी ‘नाही’ दाबलं.

खाली कारणासाठी जागा उघडली. बाईंनी लिहिलं: पहिली दोन उत्तरे मी दिली. नंतर अशिलाचे ऐकत असल्याने दोन हुकली. पुढची सात माझ्या अशिलाने उजव्या हाताच्या करंगळीने, बोलणे न थांबवता, दर वेळी तीस सेकंदांच्या आत दिली. कारखान्यात चाळीस मिळतात. सोबत नोंद मागवावी ही विनंती.

पंचवीस मिनिटं काहीच हललं नाही. पाचला पाच मिनिटं कमी असताना उत्तर आलं: प्रकरण चौकशीसाठी घेतले आहे. निर्णयापर्यंत विद्यमान प्रमाणपत्र लागू राहील.

प्रलंबितराव उठले आणि त्यांनी बाईंशी हस्तांदोलन केलं. ते अभिनंदन होतं की सांत्वन, ते त्यांनाही ठरवता आलं नसावं.

बाईंनी अहवालाची नवी प्रत छापली. सहीपुढे चांदणी आली होती. प्रेसवाल्याने कागद उजव्या हातात, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत घट्ट धरला.

“ही चांदणी बघून वकील बोलणार, मॅडम.”

“बोलणारच. कशाची म्हणून विचारेल.”

“मग?”

“मग मला सांगावं लागेल ना,” बाई म्हणाल्या. “त्याने विचारलंच नाही, तर मात्र पंचाईत आहे.”

प्रेसवाल्याने चार घड्यांचा कागद खिशात परत ठेवला. फाडला नाही. दाराशी जाऊन तो वळला. “पावणेदहाला येऊ?”

“साडेनऊला या,” बाई म्हणाल्या, आणि दार आपटू नये म्हणून त्याच्या मागोमाग उठल्या.