गाळ बसेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, पण समारंभात मिरवणाऱ्यांपैकी नव्हे. माझं सारं आयुष्य समुद्राच्या तळाशी चिखलाचे फोटो काढण्यात गेलं. मला धातूच्या जाड डब्यात बसवलेलं असे. पुढे काच, आणि झाकणाच्या कडेला रबराची एक कडी. ती कडी म्हणजे माझा जीव. तिथे केसभर फट राहिली, की पाणी आत शिरून माझा कारभार आटोपलाच.

मला सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना बोटीवर सगळे ताई म्हणत. झाकण लावण्याआधी ताई ती कडी पुसायची आणि डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवायची. आमच्या डोक्यावरून आई एवढ्या मायेनं हात फिरवत नाही, असं तिची लेकरं म्हणत.

तिची आणखी एक खोड होती. मी तळावर टेकलो की गाळ उडायचा आणि तिथले जीव घाबरून बिळात शिरायचे. मग ताई माझा दिवा बंद ठेवून वाट बघत बसायची. चिखल काय पळून जाणार आहे का, म्हणून बोटीचा चालक कुरकुरायचा. ती नुसती हसायची.

पुढे नवा कॅमेरा आला. बोटीमागे ओढला जाताना तो भराभर फोटो काढायचा, पण थांबणं काही त्याला जमत नसे. माझी रवानगी फळीवर झाली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

एके दिवशी ताई तणतणत कार्यशाळेत आली. बंदरातून उपसलेला गाळ जवळच्याच तळावर टाकायचं घाटत होतं. नव्या कॅमेऱ्याला तिथे नुसता चिखल दिसला होता, म्हणून तो तळ ओसाड आहे असं बंदराच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं. शेवटची बैठक तोंडावर आली होती.

तिनं माझी कडी तपासली. रबर वाळलं होतं, आणि त्या मापाची कडी आता कुठेच मिळत नव्हती. फिरता फिरता तिचं बोट एका जागी अडलं. तिथे बारीक चीर गेली होती.

"तू परत धड येशील असं वाटत नाही रे," ती म्हणाली. "पण तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही."

मी गेलो. टेकलो, गाळ उडाला, सगळीकडे अंधार झाला. वर कुणालाही घाई नव्हती. पाणी निवळल्यावर दिवा लागला, आणि मित्रांनो, त्या ओसाड म्हटलेल्या चिखलातून पिसांसारखे नाजूक, जिवंत तुरे वर आलेले दिसले. एक खेकडा बिळाच्या तोंडाशी डोळे उंचावून बसला होता. कडीतून पाणी झिरपू लागलं होतं, तरी मी एकेक फोटो तारेतून वर पाठवत राहिलो. शेवटचा अर्धाच पोहोचला.

बैठकीत साहेब त्या अर्ध्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. गाळ तिथे न टाकता किनाऱ्यावरच्या भरावाला वापरायचं ठरलं.

मी आता कायमचा बंद पडलो आहे. तरी ताई अधूनमधून माझी कडी पुसते, डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवते. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. इथे काहीच नाही, असं म्हणण्याआधी जरा गाळ बसू द्या. तिथे कुणाचं तरी घर असतं, आणि तुमच्या चाहुलीनं ते दार लावून बसलेलं असतं.